लेव्हिटाउनच्या गरम फरशीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. आम्ही ठरल्या दिवशी आलो नाही, घर गरम ठेवणाऱ्या फरशीखालच्या नळ्यांची गळती काढायचे पैसे घेऊनही सकाळी घर गारच असतं, आणि वर गालिचा काढा म्हणून सांगितलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत. ‘मराठी माणूस म्हणून बोलावलं, त्यानेच टोपी घातली’ हे मात्र फार लागलं.

उशीर झाला ही चूक माझी. आधीच्या घरचं काम लांबलं हे खरं, पण फोन करायला दोन मिनिटं लागतात आणि तो मी केला नाही. घरात लहान मूल असताना तुम्हाला रात्र प्लगच्या हीटरवर काढावी लागली. त्या फेरीचे पैसे परत करतो आहे.

टोपी मात्र मी घातलेली नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनची घरं १९४७ ते १९५१ मध्ये झपाट्याने उभी राहिली. तळघर नाही, जमिनीवरच काँक्रीटचा स्लॅब आणि गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या त्या स्लॅबातच गाडलेल्या. तुमचं घर १९४९ चं. आपण खोदलं तेव्हा खाली सरळ माती लागली, इन्सुलेशनचा, म्हणजे ऊब अडवणाऱ्या थराचा, पत्ता नव्हता.

तुम्ही रात्री दहाला थर्मोस्टॅट ६२ फॅरेनहाइटवर उतरवता आणि सकाळी सहाला ७० वर नेता. भिंतीलगत बेसबोर्ड, म्हणजे गरम पाण्यावरचे लांब हीटर, असलेल्या घरात हे चालतं. स्लॅब म्हणजे बिडाचा तवा, सावकाश तापणारा. सहाला चढवलेला आकडा पायाला जाणवेपर्यंत दहा-अकरा वाजतात, तोवर तुम्ही ऑफिसात, आणि तेल जळतं रिकाम्या घरासाठी. ६८ वर ठेवा आणि आठवडाभर हात लावू नका. बॉयलरचं पाणी आणखी तापवायला मी नकार दिला तो आळसाने नाही. अशा स्लॅबात साधारण १०० ते १२० फॅरेनहाइटचं पाणी पुरतं. त्याहून कढत केलं तर फरशीवर अनवाणी उभं राहवणार नाही. (जन्मभर गार शहाबादीवर वावरलेल्या आपल्या लोकांना फरशी तापवायची ही कल्पनाच मुळात चमत्कारिक वाटते, मलाही वाटली होती.)

हॉलमधला गालिचा उचलून मी हात लावून पाहिला होता. खाली कोमट, वर गार. सगळी ऊब खालच्या फोममध्ये अडकते. पण ‘काढा’ एवढंच म्हणून मी निघालो, ते बरोबर झालं नाही. खाली नऊ इंची जुन्या टाइल आहेत आणि त्या काळच्या टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस (धूळ फुफ्फुसात गेली तर घातक असलेलं खनिज) असू शकतं. तपासून घेईपर्यंत त्या उखडू नका, घासू नका. फोम तेवढा काढून वर पातळ सतरंजी टाकली तरी फरक पडेल.

गळतीचं सांगायचं तर, एक जागा आम्ही बुजवली आणि प्रेशर टेस्टमध्ये त्या दिवशी काटा हलला नाही. पण तांबं पंचाहत्तर वर्षांचं आहे. उद्या दुसरीकडे फुटणार नाही याची हमी देता येत नाही, हे मी तोंडी सांगितलं, बिलावर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. बॉयलरचं प्रेशर पुन्हा उतरलं, पाण्याचं बिल फुगलं किंवा फरशीचा एकच तुकडा जास्त गरम लागला तर लगेच कळवा. मग जुन्या नळ्या बंद करून भिंतीलगत बेसबोर्ड टाकू. पुन्हा फरशी फोडायला मी हो म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी येऊन काटा पाहतो. सिमेंटच्या ठिगळाची कड पायाला लागते म्हणता, तीही भरून देतो. निघण्याआधी फोन करेन.