हातोडा विसरू नका

'सत्य घटनेवर आधारित' कोर्टाची मालिका लिहायला घेतली म्हणता? वा, राजेहो. नागपूरच्या कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालून फिरतोय (मे महिन्यात कोट घालत नाही, अंगाला चिकटवून घेतो), तेव्हा चार गोष्टी फुकट सांगतो. पक्षकारांना सांगत नाही, तुम्हाला सांगतो.

हातोडा हवाच. आपल्याकडच्या एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर मी तो पाहिलेला नाही, पण त्यामुळे तुमचं अडायला नको.

साक्षीदाराचा हात लाल फडक्यातल्या गीतेवर ठेवा. शपथांचा कायदा 1969 चा आहे आणि त्यात ग्रंथबिंथ काही नाही. पण फडकं आणलंय ना तुमच्या माणसाने? मग त्याचं मन मोडू नका.

शेवटी न्यायाधीशांनी 'दफा 302' म्हणायलाच पाहिजे. 1 जुलै 2024 नंतरच्या खुनाला जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 103 लागतं, आणि त्याच संहितेतलं 302 हे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल आहे. म्हणजे तुमचा आरोपी तोंडाने काहीतरी लागट बोलला म्हणून फासावर जाईल. जाऊ द्या. भारदस्त वाटतं ते महत्त्वाचं.

आता उलटतपासणी. इथे मात्र जीव ओता. वकिलाने पिंजऱ्यापर्यंत चालत जावं, साक्षीदाराच्या नाकासमोर बोट नाचवावं, मग प्रेक्षकांकडे वळून दोन पानांचं भाषण ठोकावं. समोरचा वकील 'ऑब्जेक्शन' एवढंच म्हणेल, कशाला ते सांगणार नाही. भाषण संपेपर्यंत साक्षीदाराने रडून गुन्हा कबूल केलेला असला पाहिजे. आमच्याकडे काय होतं, ते चुकूनही दाखवू नका. आमच्याकडे मी एक प्रश्न विचारतो. साक्षीदार पंख्याकडे बघतो. मग उत्तर देतो. न्यायाधीशसाहेब ते उत्तर स्टेनोला सांगतात, स्टेनो टाइप करतो, आणि पडद्यावर उमटतं : 'हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे.' मग पुढचा प्रश्न. मध्येच लाइट जाते. मध्येच एक ज्युनिअर पुरशिस (म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्यायला घुसतो. दुपारपर्यंत दीड पान झालेलं असतं.

गेल्या महिन्यात असल्याच दीड पानाने माझा घात केला. चेक परत गेल्याची केस, मी आरोपीच्या बाजूने. माझा पक्षकार हार्डवेअरचा दुकानदार. म्हणणं असं, की चेक सुरक्षेपोटी दिला होता, उसने पैसे कधी घेतलेच नाहीत. फिर्यादी पिंजऱ्यात. मी आवाज न चढवता चार प्रश्न विचारले. चौथ्याला त्याने उत्तर दिलं, आणि टाइप झालं : 'हे म्हणणे खरे आहे की, सदर रक्कम मी माझ्या आयकर विवरणपत्रात दाखविलेली नाही.' पूर्ण केसमध्ये मला हवी होती ती हीच ओळ, कारण पैसे खरंच उसने दिले होते का, यावर तिनेच शंका उभी राहते. मी खाली बसलो. चेक-केस लढवणारा कुणीही असता, तर त्याने बाहेर आल्यावर मला चहा पाजला असता.

आमचे शेठ व्हरांड्यात म्हणाले, "साहेब, तुमी त झोपेत बोलल्यासारखे बोलून राह्यले होते. जरासा टेबल आपटाचा होता ना! मी रात्रीच पाह्यलं, थो वकील कसा फाडून खाते. सत्य घटना आहे म्हने."

दोन दिवसांनी वकील बदलायला माझी एनओसी, म्हणजे ना-हरकत, मागायला आले. दिली.

तर असो, सल्ला. सत्य घटना निवडताना निकाल गोड लागलेलीच निवडा. देसाईगंजच्या वाटेला जाऊ नका. 1972 साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, 1976 मध्ये आमच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिचा विरोध नव्हता. मग 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. यात टेबल कोण आपटणार? हिरो कोण? एक हरलेली मुलगी आणि एक पत्र. यावर कोण पैसा लावेल?

नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीचं प्रकरण मात्र घ्या, ते तुम्हाला आवडतंच. 13 ऑगस्ट 2004, नागपूरचं जिल्हा न्यायालय, भर कोर्टरूममध्ये जमावाने एका गुंडाला ठार मारलं. मिरचीपूड, रक्त, बायका. संथ गतीने दाखवा, ढोल वाजवा.

आणि तिथेच थांबता तुम्ही. दरवेळी तिथेच. त्यानंतर वस्तीतल्या माणसांवर खटला चालला आणि उरलेले आरोपी पुराव्याअभावी सुटायला 2014 उजाडलं, ती दहा वर्षं कुठे गेली? तारखेच्या दिवशी रोजी बुडते, हे कोण दाखवणार? पुकारा होतो, आपलं नाव ऐकून माणूस धावत आत जातो आणि 'पुढची तारीख' ऐकून बाहेर येतो, हे कोण दाखवणार? त्याच्या आधी वर्षानुवर्षं ती वस्ती तक्रारी घेऊन पोलिसांकडे जात होती, ते दोन मिनिटांत उरकता, कारण त्यात ढोल वाजत नाही.

सुरुवातीला 'सत्य घटना' लिहिता आणि लगेच खाली 'सर्व पात्रे काल्पनिक' म्हणता. एक काय ते ठरवा. घटना विकायची, पण गावाचं नाव बदलायचं, जात गाळायची, पोलिसांचा नालायकपणा एका वाईट इन्स्पेक्टरवर ढकलायचा आणि जिंकल्याचं श्रेय मुंबईहून आलेल्या वकिलाला द्यायचं. लाज वाटत नाही? लोक तुमचं बघून आमच्याकडे येतात. बलात्काराच्या केसमधली आई विचारते, "साहेब, पोरीला एकदाच बोलावं लागेल ना? टीव्हीत एका दिवसात होते." तिला काय सांगू मी?

लिहिण्याआधी एकदा येऊन बसा. खुलं न्यायालय आहे, बहुतेक खटल्यांना परवानगी लागत नाही. अकराला या, पाचपर्यंत मागच्या बाकावर बसा आणि फोन बंद ठेवा.