मावशी गद्दार नाही

विधानसभा होऊन गेली तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचं नोटा प्रकरण काही संपत नाहीये. जन्मभर एकाच पक्षाला मत देणारी बाई, ह्यावेळी ऐनवेळी दुसऱ्या पक्षातून आलेल्याला तिकीट दिलं म्हणून २० नोव्हेंबर २०२४ ला नोटा दाबून आली आणि तसं सांगूनही मोकळी झाली, तर मामेभाऊ तिला सरळ गद्दार म्हणाला. सख्ख्या आत्याला! वर मला ऐकवतो, अमेरिकेत बघ, रिपब्लिकन लोक ट्रम्पच्या मागे कसे एकजुटीने उभे राहिले.

हे मला सहन होत नाही, कारण मी फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते आणि इथं काय झालं ते बघितलंय. रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या निक्की हेली २०२४ च्या मार्चमध्येच बाहेर पडल्या होत्या, तरी २३ एप्रिलच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, त्यांना दीड लाखावर मतं पडली, १६ टक्क्यांच्या वर. आणि आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची प्रायमरी क्लोज्ड, म्हणजे ही सगळी नोंदणी केलेल्या रिपब्लिकनांचीच मतं. २०२० ला बायडन हे राज्य जेमतेम ८० हजारांनी जिंकले होते, त्या हिशोबानं बघा.

शेजारचे आजोबा रेगनपासूनचे रिपब्लिकन. प्रायमरीच्या दिवशी फायरहाऊसमधल्या केंद्रावर मत देऊन आले आणि मत दिल्याचा स्टिकर जॅकेटवर तसाच ठेवून झाडांना मल्च घालत होते. म्हणाले, ६ जानेवारी (२०२१ ला ट्रम्प समर्थकांनी संसदेवर केलेला हल्ला) मी विसरलेलो नाही, ते पक्षाला कळायला पाहिजे. 'रिनो', म्हणजे नावापुरते रिपब्लिकन, म्हणून हिणवतात इथंही, माहितीये मला, पण त्यांच्या घरातलं कुणी नाही म्हणालं.

मामेभाऊ म्हणतो, शेवटी जिंकले ना ट्रम्प? जिंकले, इथं १ लाख २० हजारांनी, हेलींनीही जुलैत मिलवॉकीला पक्षाच्या अधिवेशनात जाऊन पाठिंबा दिला. आजोबांनी नोव्हेंबरात काय केलं मी विचारलं नाही. पण एप्रिलमध्ये त्यांना नाही म्हणायला जागा तरी होती. मावशीला कुठं होती? आपल्याकडं यादी वरून येते, ती पण टीव्हीवर कळते, मग तिनं नोटा नाही तर काय दाबायचं?

त्यावर त्याचा मेसेज आला, ताई, तू कुठं मत दिलंस ते सांग.

कुठंच नाही. ग्रीन कार्डच्याच रांगेत बारावं वर्ष, नागरिकत्व तर लांबच, त्यामुळं इथं मत नाही. तिकडं भारतात परदेशी राहणाऱ्यांसाठीचा फॉर्म ६अ भरून मतदार यादीत नाव लावता येतं पण मत द्यायला स्वतः जावं लागतं आणि मी कधी गेले नाही. शेवटचं दिलं २००९ ला, मावशीबरोबरच, शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभं राहून. तिनं रुमालात बडीशेप बांधून आणली होती. त्याला हे अजून लिहिलेलं नाही मी, तीनदा टाइप करून खोडलं.