उजवीकडे वळणारा डोझर

मागचा सगळा उन्हाळा आमचा डोझर फक्त उजवीकडे वळत होता. डावीकडं जायचं असेल तर आधी उजवीकडं तोंड, मग आणखी उजवीकडं, मग आणखी, अशी पाऊण गिरकी मारून तो एकदाचा डावीकडं बघायचा. गिऱ्हाइकं बांधावर उभी राहून हे बघत. एकानं विचारलंच, "मशीननं नवस केलाय काय वो? दर वळणाला प्रदक्षिणा घालतंय." भाडं तासावर. त्यामुळे गिरक्यांचा वेळ कुणाच्या खात्यात, यावर दर संध्याकाळी वाद. शेवटी गिरक्या मोजायला एका शेतकऱ्यानं शाळेतून आलेला नातू बांधावर बसवला, तेव्हा मी शरण गेलो.

दोष मशीनचा नव्हता, माझा होता. हा डोझर वडिलांनी फार वर्षांपूर्वी एका सरकारी लिलावातून आणला. त्याच्याबरोबर त्याला ओळखणारे ऑपरेटर तात्याही आले. तात्या दर पावसाळ्यात मशीन उभं केलं की वळवायच्या दोन्ही दांड्या मागं ओढून दोरीनं सीटला करकचून बांधायचे. मला वाटायचं, असेल यांचा काहीतरी शकुन. गेल्या ज्येष्ठात तात्या लेकीकडं गेले असताना मी ती दोरी सोडली. चांगली नायलॉनची, जाड, दहा-बारा हात दोरी. आईला सोप्यात कपडे वाळत घालायला दोरी हवीच होती. माणदेश पाऊस न पडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्या वर्षी नेमका पडला. डोझर दसऱ्यापर्यंत उघड्यावर भिजत उभा राहिला आणि आईचे कपडे मात्र सोप्यात कोरडे वाळले.

चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर, म्हणजे चेनवर, चालणाऱ्या अशा मशीनला स्टेअरिंग नसतं. माझा भाचा पहिल्यांदा सीटवर चढला तेव्हा त्यानं आधी इकडं बघितलं, मग तिकडं, आणि म्हणाला, "मामा, स्टेअरिंग चोरीला गेलं काय?" त्याला मी बरीच माहिती दिली. १९०४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावी, बेंजामिन होल्ट यांनी मऊ जमिनीत रुतणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे चढवले. ते धूड सुरवंटासारखं सरपटतं असं फोटो काढणारा म्हणाला म्हणतात, त्यावरून कॅटरपिलर हे नाव. सुरुवातीच्या त्या यंत्रांना वळवायला पुढं एक चाक असायचं. पुढं तेही गेलं आणि वळायचं सगळं काम दोन दांड्यांवर आलं. डावी दांडी ओढली की डाव्या चेनचा जोर तुटतो, उजवी चालत राहते, तोंड डावीकडं फिरतं. जागेवर वळायचं असेल तर वर डावा ब्रेकही दाबायचा. भाचा म्हणाला, "मग आपलं का वळत न्हाई?" इथं मी विषय बदलला.

दांडीच्या दुसऱ्या टोकाला, सीटच्या खाली, दर बाजूला एकेक क्लच असतो. आमच्यात दहा लायनरच्या, म्हणजे पकड धरणारा थर बसवलेल्या, प्लेटा आणि त्यांच्या मधे नऊ पोलादी. लायनरवालीचे दात बाहेरच्या कडेला, ते बाहेरच्या ड्रममध्ये बसतात. पोलादीचे दात आतल्या कडेला, ते आतल्या ड्रमवर. स्प्रिंगा सगळ्यांना आवळून धरतात म्हणून सगळं एकजीव फिरतं. दांडी ओढली की स्प्रिंगा दबतात, प्लेटा सैल होतात, आतला ड्रम फिरतो, बाहेरचा थांबतो. दोरी सुटल्यानं प्लेटा आवळलेल्याच राहिल्या, आणि आमच्या डाव्या बाजूला पावसाळ्यानं गंजवून या एकोणीस जणींचं असं एकत्र कुटुंब करून टाकलं होतं की दांडी ओढून त्यांना सुचवलेली कुठलीही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

गावात चेनच्या मशीनचा मिस्त्री नाही. ट्रकचा आहे. तो म्हणाला, "क्लच म्हंजे क्लच. ट्रकाला एक असतो, ह्याला दोन. त्यात काय?" आधी त्यानं हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या पेटीत, रॉकेल ओतून बघितलं. मग रॉकेल ओतून, मशीन गिअरमध्ये टाकून, दांडी ओढून हिसके देऊन बघितलं. मग पोरासारखं चुचकारूनही बघितलं. मग सीट काढली, डिझेलची टाकी काढली, वरचं झाकण काढलं आणि आत डोकावून म्हणाला, "अरारा!" मिस्त्रीनं 'अरारा' म्हटलं की हजार रुपये आणि 'अगं आई' म्हटलं की पाच, हा आमच्याकडचा दर आहे.

सोडण्याबद्दल फार सांगत नाही. तीन पायांची घोडी, चेनकप्पी, घण, छिन्नी आणि शिव्या एवढ्यात ते झालं. प्लेटा एकेक करून सोलाव्या लागल्या. ब्रेकच्या पट्ट्याचं लायनर झिजून रिबिटांना लागलं होतं. पट्टे पुण्याला नेऊन लायनर मारून आणले, नाना पेठेत दोन दिवस हिंडून लायनरच्या प्लेटा आणि ऑईल सील मिळवले. सोडायला दीड दिवस लागला होता. बसवायला किती लागेल असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, "सोडलं तसंच उलटं बसवायचं. दीड दिवस."

आता बसवणं. आतला ड्रम पोत्यावर उभा केला. त्यावर एक लायनरची, एक पोलादी, एक लायनरची, अशी चळत. मग बाहेरचा ड्रम वरून उतरवायचा, पण तो उतरणार कधी, तर दहाही लायनरच्या प्लेटांचे दात एका रेषेत आले तर. लग्नातला ग्रुप फोटो काढलाय कधी? नऊ जणी नीट उभ्या राहतात आणि दहावी नेमक्या वेळी पदर सावरायला वाकते. तिला सरळ केली की तिसरी वाकडी. मी एका बाजूनं बोटांनी दात चाचपतोय, मिस्त्री दुसऱ्या बाजूनं, आणि मधे ड्रम चेनकप्पीला लटकून आमच्या बोटांकडं बघतोय. दुपारी दोनला सुरू केलं, दिवेलागणीला एकदम 'खट्' करून ड्रम बसला. कसा, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मिस्त्रीनं हळूच हात जोडले. नंतर स्प्रिंगा दाबायच्या. प्रेस कुठला? लांब बोल्ट घालून, समोरासमोरचे नट अर्धा-अर्धा आटा आवळत गेलो. मिस्त्री म्हणाला, "बोल्ट सुटला तर स्प्रिंग थेट म्हसवडला." मी म्हसवडच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलो.

त्याहून वाईट पुढं होतं. ब्रेकचा पट्टा आधी सीटखालच्या त्या पेटीच्या खड्ड्यात उभा धरायचा आणि तयार झालेला ड्रम त्याच्या मधोमध वरून सोडायचा. ड्रमचं वजन दीड माणसाचं, पट्ट्याची माया अजिबात नाही. ड्रम खाली गेला की दोन्ही बाजूंच्या बोल्टांची भोकं जुळवायची. बोल्ट वरून फक्त दोन-तीन दिसतात, बाकीचे ड्रमच्या पोटाखाली. ते वर आणायला ड्रम फिरवायचा, ड्रम फिरवायला बाहेरून चेन ढकलायची. त्या कामावर चुलतभाऊ होता, हातात पहार. मी खड्ड्यात डोकं खाली, पाय आभाळाला, एका हातात बोल्ट, दुसऱ्यात रिंग पाना. "ढकल!" चेन सरकली, भोक पुढं गेलं. "मागं!" भोक मागं गेलं. "बास!" त्याला 'बास' ऐकू जात नसे, 'ढकल' मात्र लगेच ऐकू जाई. मधे आई चहा घेऊन आली. मला वर दिसत नव्हतं, पण ऐकू आलं. "कोण हाय त्यो आत?" मग थोडं थांबून, "पाय तर आमच्याचंच दिसत्यात." कप चेनवर ठेवून ती गेली. पुढच्या "ढकल"ला तो कप चेनखाली गेला.

सातवा बोल्ट हातातून सुटून हाउसिंगच्या तळाशी पडला. हात पोचेना. भाच्यानं विज्ञान प्रदर्शनातला चुंबक आणला, सुतळीला बांधला, आणि आम्ही विहिरीत गळ टाकावा तसा तो सोडला. पहिल्यांदा आला गंजाचा चुरा. दुसऱ्यांदा जड काहीतरी लागलं म्हणून सगळे ओरडले. निघाला १४-१५ चा पाना, आमचा नव्हे. आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं आत विसरलेला. तो इतकी वर्षं ब्रेकच्या शेजारी शांत झोपून होता. वडिलांनी लिलावात त्याचेही पैसे भरले होते म्हणायचे. बोल्ट पाचव्या खेपेला आला.

दीड दिवसाचे पाच दिवस झाले. टाकी चढली, सीट चढली, दांड्यांपासून क्लचकडं जाणारे रॉड जोडले, दांड्यांना थोडी मोकळी चाल ठेवली, मोबाइलवर फोटो काढले. आमचं घर माळाच्या वरच्या अंगाला, खाली उतरणारी वाट. मिस्त्री म्हणाला, "लायनर नवं हाय, ब्रेक दाबू नका, नुसत्या दांडीवर वळवा." मी बसलो. पहिल्या गिअरमध्ये उतरायला लागलो. गोठा उजवीकडं, वाट डावीकडं. मी डावी दांडी अलगद ओढली.

डोझर उजवीकडं वळला.

मला वाटलं चुकून उजवी ओढली. हाताकडं बघितलं. डावाच होता. पुन्हा ओढली. पुन्हा उजवीकडं, आणि आता गोठ्यातली म्हैस उभी राहून माझ्याकडं बघायला लागली. मी क्लच दाबून दोन्ही ब्रेक मारले.

मग सभा भरली. चुलतभावाचं मत, डावा ड्रम उजव्याला बसला. ड्रम आम्ही एकच काढला होता, पण त्याला ते मान्य नव्हतं. आईचं मत, नारळ फोडला नाही. मिस्त्री बराच वेळ दाढी खाजवून म्हणाला, "काय तरी उलटं झालंय," आणि हे एवढं खरं होतं की कुणी विरोध केला नाही. पुन्हा सीट, पुन्हा टाकी, पुन्हा झाकण. दोन दिवस आत तपासलं. प्लेटा बरोबर, ड्रम बरोबर, सगळं जागच्या जागी. शेवटी मिस्त्रीनं पायाखालचा पत्रा उचलला आणि निर्णय दिला, "लफडं रॉडांचं हाय." डाव्या दांडीचा रॉड उजवीला, उजवीचा डावीला. पुन्हा उतारावर. डावी ओढली, डावीकडं वळला! उजवी ओढली, उजवीकडं! नारळ फुटला, पेढे आले, मिस्त्रीनं माझ्याकडून ठरल्यापेक्षा पाचशे जास्त घेतले आणि मी आनंदानं दिले.

त्याच संध्याकाळी तात्या लेकीकडून आले. पेढा तोंडात टाकला, "बघू जरा" म्हणून सीटवर बसले आणि थेट खालच्या सपाट रानात गेले. तिथं चुलतभावाची नवी मोटारसायकल उभी होती. तात्यांनी तिला उजवीकडं सोडून डावी दांडी ओढली आणि मशीन मोटारसायकलकडं तोंड करून निघालं. वीतभर अंतरावर थांबलं.

तात्या उतरले. पत्रा उचलला. आत बघितलं.

"रॉड कुणी बदलले?"

कुणी बोललं नाही. मिस्त्री पेढ्याचा कागद फार काळजीपूर्वक घडी घालत होता. मग मी सगळं सांगितलं, उतारापासून.

"उतारावर?" तात्या माझ्याकडं बघत राहिले. "धाकलं मालक, उताराला मशीन विंजनाच्या जोरावर जातंय व्हय? वजनानं जातंय. विंजान उलट धरून ठिवतंय त्याला. डावी दांडी ओढली की डावी चेन विंजनाच्या हातनं सुटती अन् पळती. डावी पळाली की तोंड कुनीकडं?"

"उजवीकडं," भाचा म्हणाला.

"म्हंजे पोराला कळतंय. नुसत्या दांडीवर उतरताना उलटीच ओढायची असती. न्हाई तर बरूबर ब्रेक दाबायचा."

"मिस्त्री म्हणाले ब्रेक दाबू नका."

तात्यांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं डोझरकडं. तात्यांनी दोन पाने मागितले. मी त्यांना हाउसिंगमधून निघालेला १४-१५ चा दिला. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला, "ह्यो माझा हाय, कवापास्नं हुडकतोय," म्हणाले आणि खिशात टाकला. रॉड जागेवर यायला दहा मिनिटं लागली.

"ब्रेक मातर बेस बसलेत," जाता जाता ते म्हणाले. "थांबलं बगा वीतभरावर." मग आभाळाकडं बघितलं. म्हसवडच्या बाजूनं ढग चढत होते. दोन्ही दांड्या मागं ओढून त्यांनी हात पुढं केला.

"दोरी कुठाय?"

मी सोप्यात गेलो. आईची दोन लुगडी, माझा शर्ट आणि भाच्याची चड्डी काढून खाटेवर ठेवली, आणि दोरी सोडायला लागलो.