रनीमचं मनगट आणि मधली बारा वर्षं

इजिप्तच्या स्क्वॉशपटूंबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. म्हणे त्यांच्या मनगटात जन्मजात जादू असते, कोवळ्या वयातच ते जगज्जेते होतात, सरकार पैसा ओततं, मुली मात्र लग्न झालं की खेळ सोडतात. आणि शेवटी: हे रक्तातच लागतं, आपल्या पोरांना कोर्टवर पाठवून काय उपयोग? दाखल्याला नाव दिलंय रनीम एल वेलिलीचं. तिचीच कारकीर्द नीट पाहिली, तर यातलं फारसं काही उरत नाही.

जादूचं आधी बघू. अलेक्झांड्रियाची रनीम 2005 आणि 2007 अशी दोनदा ज्युनिअर जगज्जेती झाली. तिचं मनगट विलक्षण होतं, यात वादच नाही. रॅकेट मागे नेऊन ती शेवटच्या क्षणापर्यंत थांबायची; समोरची एकीकडे झुकली की चेंडू दुसरीकडे. पण अशा फटक्याला जोखीम असते, आणि तिचे ऐन मोक्याचे चेंडू कितीदा तरी टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, आदळले आणि गुण गेले. मोठ्यांचं जगज्जेतेपद मिळायला 2017 उजाडलं. पहिल्या ज्युनिअर किताबानंतर तब्बल बारा वर्षं! मजकूर लिहिणाऱ्याने ही वर्षं गाळूनच टाकली आहेत.

खरी गोष्ट त्याच वर्षांत आहे. डिसेंबर 2014, कैरो, जागतिक अंतिम सामना. प्रेक्षक घरचे, समोर मलेशियाची निकोल डेव्हिड. तीन गेम जिंकले की सामना, आणि गेम अकरा गुणांचा. रनीम 2-1 ने पुढे आणि चौथ्या गेममध्ये 10-6. म्हणजे हातात चार मॅच बॉल, एक गुण मिळवून सामना संपवायच्या चार संधी. चारही गेले. तो गेम निकोलने 14-12 असा काढला, पाचवा 11-5. घरच्या माणसांसमोर असं हरल्यावर उभं राहणं मनगटाच्या भरवशावर होत नाही. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर 2015 मध्ये, रनीमने त्याच निकोलकडून जागतिक अव्वल क्रमांक घेतला. निकोल तिथे ऑगस्ट 2006 पासून होती. तरी जगज्जेतेपद दूरच. एप्रिल 2017 मध्ये इजिप्तमधल्याच एल गौनाला जागतिक अंतिम सामन्यात तिला नूर एल शेरबिनीने हरवलं. तीही अलेक्झांड्रियाचीच, वयाने जवळपास सात वर्षांनी लहान. त्याच डिसेंबरात मँचेस्टरला पुढच्या जागतिक अंतिम सामन्यात पुन्हा नूर समोर आली. पहिला गेम रनीमने 3-11 असा घालवला, मग 12-10, 11-7, 11-5. मला तिचा हा विजय सर्वांत मोठा वाटतो, कारण तो दुसरा गेम हातचा गेला असता तर पुन्हा कैरोच झालं असतं.

लग्नाचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. मँचेस्टरला जिंकली तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. नवरा तारेक मोमेन स्वतः अव्वल खेळाडू. 2019 मध्ये दोह्यात तोही जगज्जेता झाला. रनीम निवृत्त झाली जून 2020 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तेही अव्वल क्रमांकावर असताना.

सरकारी पैशाबद्दल थोडं खरं आहे. 1996 पासून पिरॅमिडच्या पायथ्याशी काचेचं कोर्ट उभारून स्पर्धा झाल्या, त्यांना सत्तेचा आशीर्वाद होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक स्वतः स्क्वॉश खेळत. पण कोर्ट असतात क्लबांत, आणि सदस्यत्वाचे पैसे भरतात आईबाप. गरीब घरातलं पोर तिथवर सहसा पोचत नाही. तिथल्या यशाचं कौतुक करताना हेही बोललं पाहिजे.

राहिलं रक्त. इजिप्तच्याच अम्र बेने 1933 ते 1938 सलग सहा वेळा ब्रिटिश ओपन ही स्क्वॉशमधली मानाची स्पर्धा जिंकली, महमूद करीमने 1947 ते 1950 चार वेळा, अबू तालेबने 1964 ते 1966 तीन वेळा. त्यानंतर थेट 2003 मध्ये लाहोरला अम्र शबाना जगज्जेता झाला. मधली 37 वर्षं ब्रिटिश ओपन किंवा जागतिक किताब इजिप्तच्या एकाही पुरुषाला मिळाला नाही. रक्त तर तेच होतं! पिरॅमिडपाशी झालेल्या त्या 1996 च्या स्पर्धेत अहमद बरादा हा घरचाच पोरगा अंतिम फेरीपर्यंत गेला आणि त्याला पाहून मुलं क्लबांच्या कोर्टवर येऊ लागली. कैरो आणि अलेक्झांड्रिया या दोन शहरांतच इतकी तगडी मुलं जमली, की देशातली वयोगटाची स्पर्धा जिंकणंही अवघड होऊन बसलं. 1990 मध्ये कैरोतल्या एखाद्या बापाने ‘हे आपल्या पोरांचं काम नाही’ म्हटलं असतं, तर आकडे त्याच्याच बाजूने होते.