खुलासा : डीएपी हे रासायनिक खत वाढवलं म्हणून जिवाणू वाढत नाहीत

सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय, 'डीएपी दुप्पट टाका, मातीतले जिवाणू दुप्पट होतील.' हे चूक आहे. डीएपीत नत्र (नायट्रोजन) १८ टक्के, स्फुरद (फॉस्फेट) ४६ टक्के. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-काडीकचऱ्यातला कार्बन, नाहीच, आणि जिवाणूंचं मुख्य अन्न तेच. उलट स्फुरद फार झाला की झाड मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीला (ही मुळांना स्फुरद मिळवून देते) साखर द्यायला हात आखडतं, बुरशी घटते. आपल्या चुनखडीच्या रानात तर बराचसा स्फुरद चुन्याशी बांधून बसतो, म्हणजे पैसे खरोखर मातीत! मग कर्बासाठी नुसता काडीकचरा गाडला तरी तो कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात, पानं पिवळी पडतात. सोबत कुजलेलं शेणखत द्या. डीएपीचा डोस माती परीक्षणावरून ठरवा. तेल्या या डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगाच्या फांद्या मात्र गाडू नका, बागेबाहेर नेऊन जाळा.