खुलासा : ब्लॅकवेल रावांचे विद्यार्थी नव्हते

‘आफ्रिकन संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लॅकवेल यांनी कोलकात्यात सी. आर. रावांच्या हाताखाली प्रमेय सिद्ध केलं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. राव भारतीय संख्याशास्त्रज्ञ, तर ब्लॅकवेल अमेरिकेतले कृष्णवर्णीय. जन्म १९१९, सेंट्रेलिया, इलिनॉय. राव-ब्लॅकवेल प्रमेयात (माहितीवरून काढलेला अंदाज अधिक अचूक कसा करावा, हे सांगणारं संख्याशास्त्रातलं प्रमेय) दोघांची नावं शेजारी आली एवढंच. रावांचा लेख १९४५चा, ब्लॅकवेलांचा १९४७चा, दोन्ही स्वतंत्र.

खरी गोष्ट याहून बोचरी आहे. बाविसाव्या वर्षी पीएच.डी. झालेल्या या माणसानं नोकरीसाठी शंभरावर पत्रं टाकली, तीही फक्त कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना. बाकीच्यांकडे अर्ज करून उपयोग नाही, हे गृहीतच! १९४२मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातली नेमणूक वर्णामुळेच बारगळली. १९५४ साली ते तिथेच रुजू झाले, पुढे विभागप्रमुखही.