स्टेज उभं राहिल्यावर फोटोग्राफरला बोलावू नका

ब्रँडच्या कार्यक्रमाचं बजेट ठरतं तेव्हा फोटोग्राफर सगळ्यात खालच्या ओळीत असतो. हॉल, फॅब्रिकेशन, साउंड, एलईडी वॉल, जेवण, निवेदिका, सगळं पक्कं होतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी फोन येतो, "दादा, उद्या दहाला पोचा, दोन-तीन तासांचंच काम आहे." मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रस, म्हणजे स्टेजचा लोखंडी सांगाडा, उतरतो, फ्लेक्स गुंडाळले जातात आणि कंपनीच्या हातात उरतात ते फोटोच. पेपरातली बातमी, डीलरच्या दुकानातला बॅनर, वार्षिक अहवालाचं पान, सगळं त्यांच्यावरच चालतं. मग त्यांचा विचार स्टेजचं ड्रॉइंग बनतानाच का होत नाही?

आपल्याकडच्या लाँचमधलं दीपप्रज्वलन घ्या. समई स्टेजच्या मधोमध ठेवतात. पाहुणे तिच्याभोवती गोल करतात, मेणबत्ती या हातातून त्या हातात जाते आणि कॅमेऱ्याला दिसतात त्या पाच पाठी. समई स्टेजच्या कडेला, थोडी तिरकी ठेवा आणि पाहुण्यांनी कुठे उभं राहायचं तिथे जमिनीवर टेप लावा, एवढ्यानेच सगळे चेहरे मिळतात. याला एक पैसा जास्त लागत नाही. पण हे आदल्या रात्री, सेट लागत असतानाच करावं लागतं.

एलईडी वॉलचंही तसंच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटसारख्या साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा ते निभावतं. वॉल मात्र स्वतःच्या वेगाने लुकलुकते, आणि शटरचा वेग जरा वाढवला की फोटोत काळे पट्टे येतात. म्हणून रिहर्सलला तीच वॉल, तोच व्हिडिओ आणि तोच ब्राइटनेस लावून चाचणी घ्यायला मिळाली पाहिजे. नेमक्या रिव्हीलच्या, म्हणजे उत्पादनावरचा पडदा उघडण्याच्या क्षणी वॉलवर पांढराशुभ्र लोगो झळकवतात आणि पुढे उभी असलेली माणसं काळवंडतात. लाइटवाल्याने चेहऱ्यांवर जांभळा वॉश, म्हणजे जांभळा उजेड, टाकला असेल तर आणखी वाईट, कारण लाल-हिरवा-निळा यांतला रंगाचा एक चॅनल पार जळून गेला तर रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही, त्वचेचा रंग परत येत नाही. समोरून पांढरा लाइट आणि अर्धा मिनिट थांबलेले पाहुणे, माझं मागणं इतकंच असतं.

पण माझा खरा जीव अडकतो तो पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान या शेती प्रदर्शनासारख्या ठिकाणी. शेतकरी स्टॉलवर आला की अवजारापाशी उकिडवा बसतो. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यावरून अंगठा फिरवतो, बोल्ट हलवून बघतो, सोबतच्याला विचारतो, "आपल्या रानात चालंल का रं?" त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, तीच त्या कंपनीची सगळ्यात मोठी जाहिरात. रिबन कापणाऱ्या संचालकांचा फोटो घ्यायचाच, तो मान आहे. पण तो बघून कुणी रोटाव्हेटर घेत नाही.

आणि हा फोटो मिळण्यासाठी स्टॉल तसा मांडावा लागतो. अवजार फ्लेक्सला चिकटवून ठेवलं तर पलीकडून कॅमेरा खाली नेता येत नाही. चार-पाच फूट पुढे ओढा. मागचा फ्लेक्स लालभडक असला की त्याची छटा माणसांच्या गालांवर उतरते, तिथे फिका रंग घ्या. उन्हात पांढरी टोपी फोटोत जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो, आणि तिच्या सावलीत डोळे हरवतात, म्हणून एक्स्पोजर टोपीवर धरून चेहऱ्यावर हलका फ्लॅश द्यावा लागतो. हे आम्ही बघून घेऊ, पण जागा तर हवी.

2013 च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने पोळ्यांवर हात धुण्याची आठवण करून देणारं वाक्य गरम ठशाने उमटवलं होतं. ती पोळी आणि ती मोडायला निघालेला हात एका फ्रेममध्ये आले की सगळी मोहीम कळते. कल्पनाच अशी केली होती की फोटोत मावेल. मला वाटतं, प्रत्येक एजन्सीने ब्रीफ, म्हणजे कामाची रूपरेषा, लिहिताना हाच प्रश्न आधी विचारावा की आपला तो एक फोटो कोणता?

अजून एक, ज्यावर मी अडून बसतो. संचालकांचे फोटो कंपनी तपासून घेते, मग त्या शेतकऱ्याला का विचारत नाही? त्याचा चेहरा बॅनरवर लावणार असाल तर तिथेच, मराठीत, कशासाठी वापरणार ते सांगा, सही घ्या आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. स्टॉलवर त्यासाठी एक माणूस आणि एक छापील फॉर्म ठेवा. फोटो काढता काढता हे काम मला एकट्याला जमत नाही. आणि हक्कांचं आधी लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. अनेक तरुण फोटोग्राफरना हे माहीतच नसतं, मग पोर्टफोलिओत फोटो टाकल्यावर वाद होतात.

यंदाच्या प्रदर्शनांचे स्टॉल ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी ड्रॉइंग फॅब्रिकेटरला पाठवण्याआधी आपल्या फोटोग्राफरला दाखवा. माझ्याकडे पाठवलंत तरी चालेल, काम मला द्या न द्या, मी बघून सांगेन.